ना मिरासदार, ना उपरी

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी जगातील कोट्यवधी संगणक, त्यांच्या आत कसलाही बिघाड झालेला नसताना, त्यांच्या मालकांची काहीही तक्रार नसताना आणि आदल्या दिवशीची सारी कामे तितक्याच सुरळीतपणे होत असताना, एका कंपनीच्या पूर्वघोषित निर्णयाने निवृत्त ठरले. ‘विंडोज १०’ या आपल्या कार्यप्रणालीला, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार ज्या मूळ सॉफ्टवेअरच्या हुकमाने चालतो त्याला, सुरक्षेच्या नित्य दुरुस्त्या पुरविणे मायक्रोसॉफ्टने त्या दिवसापासून थांबविले. पुढची ‘विंडोज ११’ फुकट देऊ केलेली होती हे खरे. परंतु तिला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो, आणि या दोन अटींमुळे सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेली पुष्कळशी धडधाकट यंत्रे अपात्रांच्या यादीत गेली. ज्यांना आणखी वर्षभराची मुदत हवी होती त्यांच्यासाठी कंपनीने तजवीज केली ती मुख्यतः अशी, की मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून एक तर तीस डॉलर भरावेत, किंवा आपल्या संगणकाच्या सेटिंग्जची प्रत कंपनीच्या क्लाउडवर ठेवावी. युरोपातील ग्राहक-संघटनांनी दाद मागितल्यावर तेथे प्रत ठेवण्याची अट काढण्यात आली. इतरत्र ती कायम राहिली. ज्याला पैसे द्यायचे नाहीत त्याने आपली माहिती द्यावी, असा हा रोकडा व्यवहार होता, आणि तो इतक्या सहजपणे मांडला गेला की फारसा कोणाला खटकलाही नाही.

या सबंध प्रकरणात कायद्याचा भंग कोठे झाला, असे कोणी विचारील तर उत्तर द्यावे लागेल की कोठेही नाही. संगणक विकत घेताना पेटी आपली होते, आतली कार्यप्रणाली आपली होत नाही. तिच्या वापराचा केवळ परवाना मिळतो, आणि तो परवाना कोणत्या शर्तींवर मिळाला हे ज्या करारनाम्यात नमूद असते, तो आपण ‘मला मान्य आहे’ या चौकटीवर बोट टेकवून एका क्षणात कबूल केलेला असतो. तो वाचण्याची सवड कोणाला नसते. आणि एखाद्याने चिकाटीने वाचलाच, तरी नापसंत कलम खोडून उरलेल्यावर सही करण्याची सोय त्यात ठेवलेली नसते.

मालकी आणि वापर यांतला हा भेद आपल्याकडे जुनाच आहे. पेशवाईच्या महसूल-व्यवस्थेत शेतकऱ्यांचे दोन मुख्य वर्ग होते, आणि इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल वरिष्ठांकडे धाडला, त्यातही त्यांची दखल घेतलेली आहे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. तो ती विकू शके, गहाण टाकू शके, आणि सारा भरतो आहे तोवर त्याला तिच्यावरून कोणी हुसकावून लावू शकत नसे. उपरी हा बाहेरून येऊन कराराने जमीन कसणारा. पायाखालच्या मातीवर त्याचा हक्क असा काही नसे. परंतु या उपऱ्यापाशी एक बळ होते, ज्याचा आपल्याला आज विसर पडला आहे. गाव मानवले नाही तर तो नांगर-बैल घेऊन दुसऱ्या गावी जाऊ शके. आणि पडीक जमीन लागवडीस यावी म्हणून पाटील-कमाविसदार त्याला कौल देत, पहिली काही वर्षे सारा हलका ठेवून पुढे तो क्रमाक्रमाने चढविण्याचा इस्तावा करून देत. आजच्या संगणक-ग्राहकापाशी मिरासदाराची मालकी नाही, हे थोड्या विचारान्ती कोणाच्याही ध्यानी येते. उपऱ्याची मोकळीकही त्याच्यापाशी उरलेली नाही, हे मात्र सहसा बोलले जात नाही. आणि कंपन्या आपल्या ग्राहकांच्या ज्या अढळ निष्ठेचा अभिमानाने उच्चार करतात, तिच्यातला बराच मोठा हिस्सा या गमावलेल्या मोकळिकीचाच असतो, असे माझे मत आहे.

हे असे कायमचेच होते असे मात्र नाही. आयबीएम या कंपनीने १९६९ साली सॉफ्टवेअरची किंमत यंत्राच्या किमतीपासून वेगळी करण्याचे जाहीर केले, तोवर सॉफ्टवेअर हे बहुधा यंत्राबरोबरच येत असे आणि विद्यापीठांतील मंडळी ते आपापल्या गरजेप्रमाणे बदलून एकमेकांना देत-घेत असत. फेब्रुवारी १९७६ मध्ये, मायक्रोसॉफ्ट ही अगदीच लहान कंपनी असताना, बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना उद्देशून एक उघड पत्र प्रसिद्ध केले, आणि आपण लिहिलेल्या ‘बेसिक’ची फुकट नक्कल करणे ही चोरी होय, असे त्यात बजावले. गेट्स यांची तक्रार अन्याय्य म्हणता येणार नाही, कारण महिनोन्महिने राबून तयार केलेल्या वस्तूचा मोबदला मागणे यात गैर ते काय? पण या पत्राबरोबर जो विचार रूढ झाला त्याचा दुसरा पदर हा होता, की सॉफ्टवेअरचा ग्राहक हा यापुढे त्या वस्तूचा मालक असणार नाही.

दुसऱ्या बाजूचा मनुष्य बोस्टनजवळच्या एमआयटी या संस्थेत काम करीत होता. रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीने दिलेला एक नवा लेझर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना यावी अशी सोय स्टॉलमन यांनी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः करून घेतली होती. नव्या यंत्रात ती करावी म्हटले तर मूळ लिखाण, ज्याला सोर्स कोड म्हणतात, ते कंपनीने दिलेलेच नव्हते, आणि ज्या दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाकडे ते होते त्याने ते कोणालाही न दाखविण्याचा करार लिहून दिलेला असल्यामुळे त्यानेही नकार दिला. कागद अडकण्यासारख्या क्षुल्लक अडचणीतून एवढे मोठे वैचारिक बंड उभे राहावे याचे नवल वाटते. १९८३ च्या सप्टेंबरात स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या संपूर्ण मुक्त कार्यप्रणालीचा संकल्प सोडला, आणि १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिलेला ‘लिनक्स’ हा गाभा मिळाल्यावर तो संकल्प प्रत्यक्षात उतरला. त्यामागचे तत्त्व साधे आहे: सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याची, ते कसे चालते हे पाहण्याची, त्यात बदल करण्याची आणि ते इतरांना देण्याची मुभा ग्राहकाला असली पाहिजे. संगणकाच्या क्षेत्रात मिरासी हक्काची ही जवळपास एकमेव सनद होय.

ग्नूच्या संकल्पाच्याच सुमारास ॲपलने मॅकिंटॉश बाजारात आणला. २२ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेतील फुटबॉलच्या अंतिम सामन्यात त्याची जी जाहिरात दाखविली गेली, तिच्यात एक तरुणी धावत येऊन एका अजस्र पडद्यावरील हुकूमशहावर हातोडा भिरकावते. हुकूमशहा म्हणजे आयबीएम, असा सर्वांनी अर्थ लावला. त्या जाहिरातीने ॲपलला जी बंडखोरीची प्रतिमा दिली ती आजतागायत टिकून आहे. प्रत्यक्षातला मॅकिंटॉश मात्र चहूबाजूंनी बंदिस्त होता. त्यात आणखी कार्डे बसविण्यासाठी खाचा ठेवलेल्या नव्हत्या. पाठीमागचे स्क्रू त्या काळी सर्रास न मिळणाऱ्या टॉर्क्स जातीचे होते, आणि त्यांतले वरचे दोन इतके खोल बसविलेले की ते काढायला लांब दांड्याचा खास पेचकस लागे. पेटीच्या आतल्या अंगाला, तो बनविणाऱ्या कारागिरांच्या सह्या साच्यातच उमटविलेल्या होत्या. कलावंताने कृतीवर सही करावी तशी ती सही. पण ज्याने पैसे मोजून ती कृती घरी नेली त्याने पेटी उघडून ती पाहावी, अशी कंपनीची इच्छा नव्हती.

मायक्रोसॉफ्टचा मार्ग वेगळा. कोणत्याही कारखान्याचे यंत्र चालेल, आत कार्यप्रणाली आमची असली म्हणजे झाले, असे तिचे धोरण. आणि ते राबविण्यासाठी तिने संगणक बनविणाऱ्यांशी असे करार केले की कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या दर यंत्रामागे, मग त्यात मायक्रोसॉफ्टचे सॉफ्टवेअर असो वा नसो, तिला शुल्क मिळावे. हे करार अमेरिकी सरकारने १९९४ मध्ये बंद पाडले. पुढे १९९८ मध्ये सरकारने कंपनीवर मक्तेदारीचा दावा लावला, आणि न्यायमूर्ती थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये जे निष्कर्ष नोंदविले, त्यांत ग्राहक अडकून कसा पडतो याचे विवेचन आहे: लोक विंडोज घेतात, कारण त्यांना हवी असलेली सॉफ्टवेअरे विंडोजवर चालतात, आणि ती लिहिणारे ती विंडोजसाठी लिहितात, कारण लोकांपाशी विंडोज असते. या चक्रात शिरणे सोपे आणि निघणे कठीण. कंपनीची दोन शकले करण्याचा जॅक्सन यांचा हुकूम वरच्या न्यायालयाने २००१ मध्ये फिरविला, परंतु तिने मक्तेदारी टिकविण्यासाठी गैरमार्ग वापरले हा निष्कर्ष कायम ठेवला.

या चक्राचा अनुभव मराठी वाचकाला घ्यायचा असेल तर त्याने वॉशिंग्टनला जाण्याचे कारण नाही. नव्वदीच्या दशकात ज्याने मराठी मजकूर संगणकावर जुळविला, त्याने तो पुरेपूर घेतलेला आहे. त्या काळी श्रीलिपी, आकृती इत्यादी नावांचे जे फॉन्ट डीटीपीवाले वापरीत, त्यांची रचना अशी असे की रोमन अक्षरांसाठी संगणकात जी दोनअडीचशे स्थाने राखलेली असतात, त्यांवरच देवनागरीचे तुकडे बसवायचे: एका स्थानावर अर्धा ‘क’, दुसऱ्यावर काना, तिसऱ्यावर रफार. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नसेच. तो रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग असे, आणि विवक्षित फॉन्टचा मुखवटा चढविल्यावर तो मराठी दिसे. फॉन्ट काढून घेतला की ढीग उघडा पडे. त्यात भर अशी की कोणत्या स्थानावर कोणता तुकडा बसवायचा हे प्रत्येक कंपनीने आपल्या मनाने ठरविलेले होते, त्यामुळे एकीच्या फॉन्टमधील मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये घेतला तर ‘ज्ञ’च्या जागी वेलांटी आणि मात्रेच्या जागी पूर्णविराम असा गोंधळ उडे. काही सॉफ्टवेअरांबरोबर ‘डोंगल’ नावाची किल्ली येई. ती संगणकाच्या पाठीमागे खोचलेली नसेल तर आपण लिहिलेले आपल्यालाच उघडता येत नसे.

परिणाम असा झाला की छापखान्यांनी आणि मासिकांनी वर्षानुवर्षे साठविलेला मजकूर एका फॉन्टला, तो फॉन्ट पेजमेकरसारख्या एका सॉफ्टवेअरला, आणि पेजमेकर जुन्या विंडोजला बांधला गेला. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. त्यानंतरही कितीतरी वर्षे, नवे यंत्र शेजारी असताना, केवळ जुन्या फाइली उघडण्यासाठी कोपऱ्यात एक पिवळट पडलेला संगणक जिवंत ठेवणारी कार्यालये महाराष्ट्रात होती. बाहेरून पाहणारा म्हणाला असता, किती हे एका सॉफ्टवेअरवरचे प्रेम! प्रेम वगैरे काही नव्हते. दिवाळी अंकांच्या जुन्या फाइली होत्या.

यातून सुटका झाली ती कोणा एका कंपनीच्या औदार्याने नव्हे, तर युनिकोड या सामायिक प्रमाणाने. त्यात जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक दिलेला आहे, आणि ते प्रमाण सांभाळणाऱ्या मंडळात ॲपल, मायक्रोसॉफ्ट, गूगल या हाडवैरी कंपन्या एकत्र बसतात. विंडोज २००० पासून देवनागरी त्या पद्धतीने लिहिता येऊ लागली. विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्ट रेखाटला तो आपले कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. आज ठाण्यात आयफोनवर लिहिलेला मराठी निरोप परभणीत अँड्रॉइडवर जशाच्या तसा उमटतो, आणि यात काही विशेष आहे असे कोणाला वाटतही नाही. आपसात लढणाऱ्या कंपन्या अक्षरांपुरत्या एक झाल्या. निरोपांच्या बाबतीत मात्र त्या तशा झाल्या नाहीत.

आयफोनधारकांची आपसातली बोलणी ‘आयमेसेज’ या ॲपलच्या खासगी मार्गाने जातात आणि निळ्या चौकटीत दिसतात. अँड्रॉइडवाल्याला पाठविलेला निरोप हिरव्या चौकटीत दिसतो, आणि अमेरिकेतील शाळांत हिरव्या चौकटीच्या मुलाला जरा कमी लेखले जाते, असे तिकडची वृत्तपत्रे लिहीत आली आहेत. (आपल्याकडे या रंगांचे कौतुक नाही, कारण आपला सारा गोतावळा व्हॉट्सॲपवर.) आयमेसेज अँड्रॉइडवरही द्यावे का, हा प्रश्न ॲपलमध्ये २०१३ साली चर्चिला गेला, तेव्हा एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने लिहिले, की तसे केल्यास आयफोन वापरणाऱ्या आईबापांनी मुलांना अँड्रॉइड घेऊन देण्यातला एक अडथळा तेवढा दूर होईल. एपिक गेम्स या कंपनीने ॲपलवर लावलेल्या दाव्यात, २०२१ मध्ये, हे पत्र उजेडात आले. त्याआधी सॅमसंगबरोबरच्या खटल्यात ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांचे २०१० सालचे एक टिपण बाहेर आले होते. आपली सर्व उत्पादने एकमेकांत गुंफून ग्राहकांना आपल्या परिसरात अधिक घट्ट जखडावे, हा त्यातला एक संकल्प होता. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ॲपलचे भारतातील पहिले दुकान उघडले, तेव्हा कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी स्वहस्ते दार उघडले आणि बाहेर ताटकळलेल्या तरुणांनी जल्लोष केला. त्या जल्लोषातला आनंद खोटा होता असे मी म्हणणार नाही. वस्तू सुबक आहे, टिकाऊ आहे, आणि ज्याला ती आवडते त्याला ती आवडण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण जॉब्स यांचे टिपण वाचल्यावर आवड कोठे संपते आणि जखडणे कोठे सुरू होते, हे ग्राहकाला स्वतःलाही सांगता येईल की नाही, याची शंका येते.

खासगीपणाच्या बाबतीत ॲपलची बाजू इतरांपेक्षा उजवी आहे, हे निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील हत्याकांडानंतर, २०१६ मध्ये, हल्लेखोराच्या फोनचे कुलूप फोडण्यासाठी खास सॉफ्टवेअर बनवून द्यावे, असा न्यायालयाचा हुकूम असतानाही कंपनीने त्याला विरोध केला. २०२१ पासून तिने असा नियम केला की, ग्राहक दुसऱ्या ॲपांत आणि संकेतस्थळांवर काय करतो याचा माग काढायचा असेल तर ॲपने त्याची स्पष्ट परवानगी घ्यावी. आणि फेसबुकच्या मालक कंपनीने त्यामुळे २०२२ या एका वर्षात आपले सुमारे दहा अब्ज डॉलरांचे उत्पन्न बुडेल असा अंदाज स्वतःच सांगितला, यावरून त्या पाळतीची किंमत समजते. हे झाले श्रेय. परंतु हीच कंपनी आपल्या ब्राउझरमध्ये गूगलचा शोध आधीपासून बसवून ठेवण्यासाठी गूगलकडून पैसे घेते, आणि ती रक्कम २०२२ साली वीस अब्ज डॉलर होती, असे गूगलवरील मक्तेदारीच्या खटल्यात उघड झाले. माग काढणाऱ्यांना दारावर अडवायचे, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्याकडून दाराचे भाडे घ्यायचे, असा हा हिशेब! परवानगीच्या त्या नियमाची अंमलबजावणी ॲपलने ज्या रीतीने केली तीबद्दल फ्रान्सच्या स्पर्धा-नियामकाने मार्च २०२५ मध्ये तिला पंधरा कोटी युरोंचा दंडही केला.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती निराळी गोष्ट. ऑगस्ट २०२१ मध्ये ॲपलने जाहीर केले, की बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे हुडकण्यासाठी, क्लाउडवर चढविली जाणारी छायाचित्रे ग्राहकाच्या फोनमध्येच तपासण्यात येतील. हेतूला कोण विरोध करणार? तरीही सुरक्षातज्ज्ञांनी हाकाटी केली, कारण आज या चित्रांसाठी बसविलेला तपासनीस उद्या एखाद्या सरकारच्या आज्ञेने भलत्याच चित्रांचा शोध घेऊ लागेल. आणि डिसेंबर २०२२ पर्यंत कंपनीने हा बेत सोडून दिला. पुढे ब्रिटिश सरकारने गुप्तपणे मागणी केल्याच्या बातम्यांनंतर, फेब्रुवारी २०२५ मध्ये, क्लाउडवरच्या ऐवजाची किल्ली केवळ ग्राहकाजवळ ठेवणारी आपली सर्वांत कडेकोट सोय तिने ब्रिटनमध्ये, प्रथम नव्या ग्राहकांपुरती, मागे घेतली. एकदा लोकांच्या दबावाने खासगीपण राखले गेले, एकदा सरकारच्या दबावाने ते कमी झाले; दोन्ही वेळा ज्याचे खासगीपण पणाला लागले होते, त्या फोनच्या मालकाला कोणी काही विचारले नाही.

मायक्रोसॉफ्टने तर मे २०२४ मध्ये ‘रिकॉल’ नावाची अशी योजना पुढे केली, की नव्या संगणकांनी दर काही क्षणांनी पडद्याचे चित्र टिपून ठेवावे, म्हणजे गेल्या महिन्यात पाहिलेली वस्तू मालकाला मागाहून शोधता येईल. पडद्यावर बँकेचा तपशील असतो, डॉक्टरांचा अहवाल असतो, आणि पलीकडून ज्याने विश्वासाने पत्र लिहिले त्याचे पत्रही असते. गदारोळ उठला, योजना लांबणीवर पडली, आणि ज्याने स्वतः चालू केली त्याच्यापुरतीच ती चालेल अशा दुरुस्तीसह एप्रिल २०२५ मध्ये परतली. ‘सिग्नल’ या गुप्त संदेशांच्या ॲपने यावर काढलेली तोड मात्र दाद देण्याजोगी आहे. चित्रपटांची नक्कल होऊ नये म्हणून, म्हणजे ग्राहकाला रोखण्यासाठी, विंडोजमध्ये जी पडदा झाकण्याची तरतूद आहे, तीच त्यांनी ग्राहकाच्या संभाषणावर ओढून घेतली, आणि रिकॉलला तेथे काळा चौकोन दिसू लागला.

भारतात बहुतेक फोन अँड्रॉइडचे, आणि अँड्रॉइड नावाला मुक्त आहे. त्याचे मूळ लिखाण कोणालाही मिळते. पण प्ले स्टोअरसह गूगलची ॲपे फोनमध्ये हवी असतील तर गूगलच्या शर्ती पाळाव्या लागत, आणि ती नसलेला फोन बाजारात खपत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये या शर्तींबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि त्यानंतर आपल्याकडील फोन-उत्पादकांना गूगलची ॲपे सुटी निवडण्याची व ग्राहकांना शोधाचे इंजिन ठरविण्याची मुभा मिळाली. ती किती जणांनी वापरली, हे वाचकाने आपल्या घरातील फोनांवरून ताडून पाहावे.

मग लोक लिनक्सकडे का वळत नाहीत? जो जुना संगणक विंडोज ११ला अपात्र ठरला, त्यावर लिनक्स बहुधा सुखाने चालते, फुकट मिळते, आणि खाते मागत नाही. केरळने आपल्या सरकारी शाळांत ते यशस्वीपणे रुजविले आहे. पण घरी आणलेला प्रिंटर चालला नाही, जीएसटीच्या कामाचे सॉफ्टवेअर विंडोजचेच निघाले, किंवा अडचण आल्यावर कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने हात वर केले, की स्वातंत्र्याचे तत्त्व फारसे उपयोगी पडत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांनी ग्राहकाला मालकीची सनद दिली. पण जमीन कसण्याचे ज्ञान ज्याचे त्याने मिळवावे असेही गृहीत धरले. टोकाच्या तत्त्वनिष्ठेपायी त्यांनी सामान्य माणसाच्या कंटाळ्याचा विचार केला नाही, असा माझा त्यांच्यावर आक्षेप आहे. आणि तो कंटाळा क्षम्य आहे.

म्हणून माझ्या लेखी खरा प्रश्न मालकीचा कमी आणि निघून जाण्याच्या सोयीचा अधिक आहे. मोबाइल टेलिफोनच्या बाबतीत ही सोय आपल्या देशाने करून दाखविली: २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, आणि नंबरापायी एका कंपनीला चिकटून राहण्याचे कारणच उरले नाही. फोनच्या आतल्या ऐवजाचे तसे झालेले नाही. व्हॉट्सॲपची जुनी संभाषणे अँड्रॉइडवरून आयफोनवर नेण्याची अधिकृत सोय २०२२ मध्ये झाली. त्यापूर्वी ज्याने फोन बदलला, त्याला आईने पाठविलेली ध्वनिमुद्रित वाक्ये आणि नातवंडांची छायाचित्रे जुन्याच फोनमध्ये राहिली. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये आपल्या सरकारला जो मसुदा सादर केला, त्यातही हा हक्क होता. २०१९ च्या विधेयकात तो टिकला. आणि २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात मात्र तो नाही. माहिती दुरुस्त करविण्याचा, पुसविण्याचा, आपल्या पश्चात तिच्यासाठी वारस नेमण्याचाही हक्क त्यात आहे. ती घेऊन दुसऱ्या दारी जाण्याचा नाही.

मार्च २०२४ पासून युरोपीय संघात आणखी एका कायद्याची बंधने मोठ्या कंपन्यांवर लागू आहेत, आणि त्यायोगे आयफोनवर ॲपलच्या दुकानाबाहेरून, दुसऱ्याच्या दुकानातूनही ॲप घेता येते. ही मुभा देताना ॲपल फोनचा मालक कोणत्या देशात आहे आणि त्याचे खाते कोठले आहे, ते पाहते. पॅरिसमध्ये नोकरी करणारा एखादा नाशिककर तिकडे अशा परक्या दुकानातून ॲप घेऊ शकतो. सुटीवर घरी आला तर काही दिवसांची सवलतही त्याला आहे. मुक्काम लांबला की ते ॲप चालत राहते, परंतु त्या दुकानातून त्याला नव्या दुरुस्त्या मिळणे बंद होते, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या धाकट्या भावाच्या त्याच बनावटीच्या फोनवर ते मुळातच चढत नाही.